फोटोवरचा अभिप्राय दर वेळी का फसतो: तपासणी आणि दुरुस्ती

फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या गटात एक तक्रार फिरून फिरून येते. रविवारी पहाटे नागपुरात फुटाळा तलावावर किंवा महाल भागात जमायचं, उन्हं चढेपर्यंत फोटो काढायचे, मग तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून एकमेकांचे फोटो पाहायचे. इथवर सगळं सुरळीत असतं. फोटो पुढे आला की मात्र गाडी अडते. सगळे ‘मस्त’, ‘भारी’, ‘एक नंबर’ म्हणून मोकळे होतात, नाहीतर कोणीतरी ‘यात काही दम नाही’ म्हणतो, फोटो काढणाऱ्याचं तोंड उतरतं आणि पुढच्या रविवारी ‘घरी पाहुणे आहेत’ असा निरोप येतो. फोटोंवर दोन्हींचा परिणाम सारखाच. पुन्हा तेच तिरकं क्षितिज, तेच घोट्यापाशी कापलेले पाय, तेच पांढरंफटक आकाश.

नोकरी-शिक्षण सांभाळून कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाला शिकवायला दुसरं कोणी नसतं. आपल्याबरोबर शिकणारे चार जण जे सांगतील तेच त्याचं शिक्षण. म्हणून हा बिघाड मला लेन्सवरच्या बुरशीपेक्षा मोठा वाटतो. तो तपासायची मी एकच खूण धरते: अभिप्राय ऐकून झाल्यावर, पुढच्या वेळी त्याच जागी उभं राहिल्यावर काय वेगळं करून पाहायचं हे त्या माणसाला सांगता येतं का? सांगता आलं, तर शब्द गोड होते की कडू याने फार बिघडत नाही. सांगता आलं नाही, तर कौतुक आणि टीका दोन्ही वाया गेली. खालची सगळी दुरुस्ती याच खुणेवर बेतलेली आहे.

सगळे नुसतं ‘मस्त’ म्हणतात

आधी विचारण्याची पद्धत तपासा. ‘कसा आलाय?’ असं विचारून फोन पुढे केला, की ‘भाजी कशी झाली?’ या प्रश्नावर जेवायला आलेला पाहुणा जे उत्तर देतो तेच मिळणार. आपल्याकडे त्या प्रश्नाला दुसरं सभ्य उत्तरच नाही. फोटो दाखवताना आपल्याला काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात सांगा, आणि जिथे आपलंच मन अडलंय तिथे बोट ठेवून विचारा.

फुटाळ्याचा सूर्यास्त घ्या. नागपुरात कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाकडे तो असतोच. पाण्याकडे तोंड करून कठड्यावर बसलेलं जोडपं, दोघं काळीकुट्ट, मागे केशरी पाणी आणि पलीकडच्या काठावर झाडांची गडद पट्टी. ‘कसा आलाय?’ विचारलं तर सगळे ‘वा!’ म्हणतील. पण समजा असं विचारलं: ‘मला दोघं एकमेकांकडे वळलेली दिसायला हवी होती. त्यांची डोकी नीट वेगळी दिसतात का?’ आता पाहणाऱ्याची नजर थेट डोक्यांवर जाते आणि तो सांगतो, ‘डोकी तर दिसूनच नाही राहिली ना, झाडांत मिसळून गेली.’ हे करून पाहण्याजोगं उत्तर आहे. काळी आकृती उठून दिसायला तिच्यामागे उजेड लागतो. इथे डोकी नेमकी गडद पट्टीवर आली आहेत. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, गरज पडली तर त्याहूनही खाली नेला, तर डोकी झाडांच्या वर, आकाशात येतील. उभं राहून हात उंच करून घेतला, तर ती खाली चमकत्या पाण्यावर येतील. दोन्ही करून पाहता येतं, आणि सूर्य बुडायच्या आधी त्याच संध्याकाळी करून पाहता येतं. लेन्स बदलायची गरज नाही, एक पैसाही खर्च नाही.

प्रश्न नेमका असला की लाजाळू माणूसही बोलतो, हा माझा पक्का अनुभव आहे. ‘टीका कर’ म्हटलं की तो मागे सरतो. ‘तुझी नजर आधी कुठे गेली?’ म्हटलं की लगेच बोट ठेवतो, कारण यात त्याला शहाणपण मिरवावं लागत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी काय केलं एवढंच सांगायचं असतं. गटात अगदी नवीन आलेला मुलगा किंवा कोणाबरोबर सहज आलेली बहीण, यांची साक्ष इथे फार मोलाची असते. त्यांना तिसऱ्या भागाचा नियम (फ्रेमचे आडवे-उभे तीन भाग पाडून विषय मधोमध न ठेवण्याचा) ठाऊक नसतो, पण मागच्या पिवळ्या फलकाने त्यांची नजर ओढली हे ते बरोबर सांगतात.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये कलाकृतीवर बोलण्याची एक रीत बांधली. त्यात पाहणारे आधी आपल्याला काय भिडलं ते सांगतात, मग निर्मिती करणारा स्वतः प्रश्न विचारतो, त्यानंतर पाहणारे मत न मिसळता त्याला प्रश्न विचारतात, आणि मत सांगायचं ते अगदी शेवटी, तेही त्याची परवानगी घेऊन. ही रीत नृत्यासाठी जन्मली असली तरी फोटोच्या गटाला ती चांगली लागू पडते. नवशिक्यासाठी तिच्यातलं सर्वांत कामाचं म्हणजे क्रम. मत शेवटी आलं की तोवर फोटो काढणाऱ्याला काय हवं होतं हे सगळ्यांना कळलेलं असतं.

‘शार्प नाही’, ‘डल वाटतो’ एवढंच ऐकायला मिळतं

हा अभिप्राय खोटा नसतो, अर्धवट असतो. सांगणाऱ्याला बिघाड जाणवलेला असतो, पण तो कारणापर्यंत गेलेला नसतो. ऐकणारा मग घरी जाऊन नव्या लेन्सच्या किमती पाहत बसतो.

‘शार्प नाही’ या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणं असू शकतात आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. फोटो मोठा करून पाहा. सगळंच, भिंत, खांब, माणूस, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. मागचा दुकानाचा फलक स्वच्छ वाचता येतोय आणि नाचणारा मुलगा तेवढा पुसट आहे, तर हात स्थिर होता, मुलगा हलला. आणि मुलाचा चेहरा मऊ आहे पण त्याच्या मागच्या माणसाच्या शर्टावरचं बटण लख्ख आहे, तर फोकस चुकीच्या जागी बसला. पहिल्याला शटरचा वेग वाढवणं किंवा हाताला टेकू देणं लागतं. जुना आडाखा असा की शटरचा वेग निदान एक भागिले फोकल लांबी इतका हवा. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सवर ५५ मिमी वापरत असाल आणि सेन्सर लहान, म्हणजे दीडपट क्रॉपचा असेल, तर ५५ ची दीडपट साधारण ८०, म्हणून १/८० सेकंदाच्या खाली उतरू नये. दुसऱ्याला हा आडाखा पुरत नाही. नाचणाऱ्या माणसाला थांबवायला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं, मग त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तरी चालेल. तिसऱ्याला वेगाचा उपयोगच नाही. तिथे फोकसचा ठिपका स्वतः निवडून डोळ्यावर ठेवायला शिकावं लागतं.

म्हणून अभिप्राय देणाऱ्याने ‘शार्प नाही’ म्हणून थांबू नये. ‘मागचा फलक स्वच्छ आहे, चेहरा पुसट आहे’ एवढं जरी त्याने सांगितलं तरी पुढचं ज्याचं तो शोधतो. दिसलं ते सांगणं कोणालाही जमतं, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही.

‘डल वाटतो’ची गोष्टही अशीच. नागपुरात याचं हमखास सापडणारं उदाहरण म्हणजे दीक्षाभूमीचा स्तूप. स्वच्छ ऊन पडलंय, पांढरा घुमट डोळे दिपवतोय, आणि फोटोत तो राखेच्या रंगाचा येतो. कॅमेऱ्याला घुमट पांढरा आहे हे ठाऊक नसतं. त्याचं मीटर समोरचा उजेड मधल्या करड्या छटेला आणून बसवायचा प्रयत्न करतं. फ्रेमचा बराचसा भाग पांढऱ्याने व्यापला की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडून टाकतं. ‘डल आहे’ असं ऐकलेला मुलगा घरी जाऊन एडिटिंगमध्ये रंग भडक करतो. आकाश निळंजर्द होतं, घुमट मात्र करडाच राहतो. त्याऐवजी कोणी म्हणालं, ‘घुमट तुला पांढरा हवा होता ना? मला करडा दिसतोय’, तर तो एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय, स्टॉप हे तिचं माप) २/३ किंवा १ स्टॉपने वर नेऊन बघेल. उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना, हेही पाहील. घुमटावरचा सावलीचा उतार शिल्लक राहिला आणि पांढरा पांढरा दिसला, की काम झालं. उलट बाजूही सांगून ठेवते: मिरवणुकीतला काळ्या मारबतीचा पुतळा फ्रेमभर घेतला तर कॅमेरा त्याला नको तेवढा उजळवतो. तिथे एक्स्पोजर कमी करावं लागतं.

मारबतीचं नाव निघालंच आहे तर अभिप्रायात सर्वांत जास्त होणारी गडबड तिथेच दाखवता येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. बडग्यांचे पुतळे असतात, ढोल-ताशे असतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी असते. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशीच्या फोटोंवर येणारा ठरलेला शेरा म्हणजे ‘गर्दी फार झाली, बॅकग्राउंड क्लटर आहे.’ आता ज्याला गर्दीच दाखवायची होती त्याने काय करायचं? मारबत ही गर्दीचीच गोष्ट आहे. तिथे पार्श्वभूमी पुसून टाकली तर हाती एक पुतळा उरतो.

शेरा देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: ‘तुला मारबत दाखवायची होती की माणसं?’ उत्तर ‘मारबत’ आलं तर सूचना वेगळी. जवळ जा, झूम मागे घेऊन १८ मिमी वर ये, खाली वाक, म्हणजे पुतळ्यामागे दुकानांऐवजी आकाश येईल. उत्तर ‘माणसं’ आलं तर सूचना अगदी उलटी. ओळखीच्या घराची गच्ची विचारून वर जा, मारबत फ्रेमच्या कडेला राहू दे आणि वर बघणाऱ्या चेहऱ्यांवर फोकस ठेव. फोटो तोच, उत्तर वेगळं, म्हणून सूचनाही वेगळ्या. हेतू न विचारता दिलेला अभिप्राय म्हणजे आपल्याला जो फोटो काढायचा होता तो दुसऱ्याच्या फोटोत शोधणं. अनुभवी लोक यात अधिक अडकतात, कारण त्यांच्या डोक्यात चांगल्या मारबतीचा फोटो आधीच तयार असतो.

कौतुकालाही हाच नेमकेपणा लावा. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशी जी घडी शिकवली जाते ती मला पटत नाही. दोन वेळा ऐकली की माणूस ओळखतो, आणि मग गोड भाग येताच सावरून बसतो. पण खरं कौतुक टाळूही नका. ‘त्या आजीच्या हातावरच्या शिरा बाजूच्या उजेडात सुंदर आल्यात’ असं सांगितलं, की बाजूचा उजेड आपल्याला साधला हे त्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो मुद्दाम शोधतो. जमलेलं काय होतं हे न कळल्यामुळे हातातून निसटून जातं, हा तोटा चुकांच्या तोट्याहून लहान नाही.

मोठ्यांच्या फोटोवर कोणी बोलत नाही

हा बिघाड आपल्या गटांचा खास आहे आणि त्यावर फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे जरा थांबते.

गटात कॉलेजातली पोरं असतात, नोकरदार असतात आणि निवृत्त झालेले काका असतात. काकांकडे वेळ असतो, बहुतेकदा सर्वांत मोठी लेन्सही असते. त्यांच्या फोटोतला बगळा फ्रेमच्या बरोब्बर मधोमध बसलाय आणि चोचीपुढे जागाच नाही, हे सगळ्यांना दिसतं. बोलत कोणी नाही. मोठ्या माणसाला चुका दाखवणं आपल्या अंगवळणी नाही, आणि ते वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात नुकसान काकांचं होतं. ते मनापासून शिकायला आलेले असतात आणि त्यांना तेवढा ‘वा काका!’ मिळतो.

लहानांनी काकांना प्रश्न विचारावा. ‘काका, हा बगळा कुठे बघत होता? तिकडे थोडी जागा सोडली असती तर कसं दिसलं असतं?’ यात आदर कुठेही कमी होत नाही आणि सूचना पूर्ण पोहोचते. फोटो मोबाइलवर असेल तर तिथल्या तिथे क्रॉप करून दाखवा, पण ‘करून दाखवू का?’ असं आधी विचारा. न विचारता दुसऱ्याच्या फोटोला हात लावणं, मग तो काकांचा असो की पोराचा, मला अजिबात मान्य नाही. आणि काकांनीही एक करावं. आपला एखादा फसलेला फोटो स्वतःहून सगळ्यांपुढे ठेवावा आणि ‘यात मला हे खटकतंय, तुम्हाला काय दिसतं?’ असं विचारावं. मोठ्याने एकदा असं केलं की लहानांची जीभ सुटते. दुसरा कुठलाही उपाय इतका लागू पडत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे दादा बोलले की विषय संपतो. गटातला जाणता माणूस पहिल्यांदा बोलला की पुढचे सगळे त्याचीच री ओढतात. मग चार मतं मिळाली असं वाटतं, असतं एकच. उपाय सोपा आहे: बोलण्याचा क्रम उलटा करा. सर्वांत नवीन माणूस आधी, जाणता शेवटी. गट मोठा असेल तर प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात, नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली, आणि मग चिठ्ठ्या वाचाव्यात. एकमेकांचं न ऐकता तिघांनी डाव्या कोपऱ्यातल्या लाल बादलीचं नाव लिहिलं असेल, तर ती बादली पुढच्या वेळी फ्रेमबाहेर जायला हवी, यात शंका उरत नाही.

सुराबद्दलही थोडं. वऱ्हाडी-नागपुरी बोलणं रोखठोक आहे. ‘काय काढून राहिला बे हे?’ असं लहानपणापासूनचा मित्र म्हणाला तर त्यात जिव्हाळा असतो. तेच वाक्य महिन्याभरापूर्वी गटात आलेल्या मुलीने ऐकलं तर ती परत येणार नाही. जवळीक आधी, थट्टा नंतर. नव्या माणसाशी पहिले काही महिने सरळ, शांत आणि शक्यतो एकांतात बोला. आणि मोजकं बोला. एका फोटोत सात दोष दिसले तरी ज्याने सर्वांत जास्त फरक पडेल तो एक सांगा. बाकीचे कुठे पळून जात नाहीत.

ऐकताना राग येतो, मन लागत नाही

येणारच. पहाटे साडेचारला उठून रामटेकला गेलात, गडावर चढलात, धुक्याची वाट पाहिलीत आणि कोणीतरी दोन सेकंदात ‘फोरग्राउंड, पुढचा भाग, रिकामं आहे’ म्हणून फोन परत दिला. राग त्या दोन सेकंदांचा असतो. पण पाहणाऱ्याच्या हाती तुमची पहाट नसते, फक्त फ्रेम असते. ‘तिथे बस उभी होती’, ‘गार्डने थांबू दिलं नाही’, ‘माझ्याकडे झूम नाही’ ही कारणं खरी असतात आणि अभिप्रायाच्या वेळी निरुपयोगी असतात, कारण ती ऐकताच समोरचा ओशाळून गप्प होतो. त्या क्षणी एवढंच करा: ऐका, लिहून घ्या, आणि नेमकं काय दिसलं हे कळलं नसेल तर विचारा. ‘रिकामं म्हणजे कुठलं, हा खडकाचा भाग का?’ समर्थन करावंसं वाटलंच तर दुसऱ्या दिवशी करा. रात्र मध्ये गेली की बहुतेक समर्थनं स्वतःलाच नको वाटतात.

लिहून घेतलेलं दुसऱ्या दिवशी निवडा. काही वाक्यं दोष दाखवतात, काही निव्वळ आवड सांगतात, आणि दोन्ही एकाच सुरात बोलली जात असल्याने ऐकताना वेगळी कळत नाहीत. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगाचा फोटो काढलाय आणि कोणी म्हणालं, ‘रंग फार भडक झाला.’ ही आवड आहे की दोष? संत्र्याच्या सालीवर मोठं करून पाहा. सालीची बारीक छिद्रं, तिचा खरखरीतपणा दिसतोय का? दिसत असेल तर रंग किती गडद ठेवायचा हा तुमचा निर्णय आहे, त्या मताला मान देऊन बाजूला ठेवा. साल एकसपाट केशरी ठिगळासारखी झाली असेल तर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवताना लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, टोकाला गेला आणि पोत संपला. तो दोष आहे, सांगणाऱ्याने त्याला ‘भडक’ म्हटलं असलं तरी. सांगणारा चुकीच्या शब्दात बरोबर गोष्ट सांगत असतो, असं फार वेळा होतं. त्याच्या शब्दांशी वाद घालण्यापेक्षा तो कुठे अडला ती जागा शोधा.

सगळंच मानायचं असंही नाही. एकाने ‘ब्लॅक अँड व्हाइट कर’, दुसऱ्याने ‘रंगच ठेव’ म्हटलं, तर तुम्हाला तो फोटो कशासाठी काढावासा वाटला होता त्याकडे परत जा. ते स्वतःला सांगता आलं नाही, तर फोटोचं उत्तर तुमच्याकडेही नाही. मग तो पंधरा दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही.

फोटो पाठवला की वेगळाच दिसतो

अर्धी भांडणं या तांत्रिक कारणाने होतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि बारकावे जातात. त्यावर कोणी ‘शार्प नाही’ म्हणालं तर तो अभिप्राय तुमच्या फोटोवरचा नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ जशीच्या तशी जाते. शटर, ॲपर्चर, आयएसओची नोंदही बरोबर जाते, त्यामुळे पाहणाऱ्याला अंदाज करत बसावं लागत नाही. मात्र फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंदही असू शकते. घरचे, मुलांचे, पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो असे पाठवण्याआधी ती काढून टाका.

उजेड आणि रंगाबद्दल बोलण्याआधी पाहणाऱ्याने फोनचा पिवळट ‘नाइट मोड’ बंद करावा. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन पूर्ण उजळ करून पाहिलेला फोटो आणि रात्री अंथरुणात मंद स्क्रीनवर पाहिलेला फोटो यांवर एकाच माणसाची दोन मतं होतात. आणि ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह केलेला फोटो काही ॲप्समध्ये फिका पडतो. दाखवायची प्रत एसआरजीबी या रंगपद्धतीत काढा, प्रश्न मिटतो.

ऐकलं सगळं, पण फोटो तसेच राहिले

कारण ऐकलेलं करून पाहिलं गेलं नाही. पुढच्या रविवारी नवी जागा, नवा विषय, नवे दोष. गटांना फिरण्याची हौस असते आणि ती मोडावी असं मला वाटत नाही, पण अधूनमधून एखादा रविवार जुन्याच जागेला द्या. मागचा फोटो फोनमध्ये समोर ठेवा, मिळालेल्या सूचनांतली एकच निवडा आणि तेवढीच बदला. कॅमेऱ्याची उंची बदलायची असेल तर वेळ, लेन्स, अंतर तेच ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फोटो सुधारला तरी कशामुळे सुधारला हे कळणार नाही.

फुटाळ्यासारख्या सूर्यास्ताच्या जागी फार दिवस जाऊ देऊ नका. जूनमध्ये सूर्य वायव्येकडे सरकून बुडतो, डिसेंबरात नैऋत्येकडे. दोन महिन्यांनी गेलात तर सूर्य पाण्याच्या भलत्याच टोकाला असेल आणि तुलना हाताला लागणार नाही. त्याच आठवड्यात जा. पावसाळ्यात ढगांचा भरवसा नसतो, तेव्हा उजेडाच्या सूचना बाजूला ठेवून मांडणीच्या सूचना तपासा.

नवा फोटो त्याच माणसाला दाखवा ज्याने सूचना केली होती, आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. यातून सांगणाराही शिकतो. त्याची सूचना चुकलीही असू शकते, खाली बसल्यावर डोकी आकाशात आली पण पाणीच दिसेनासं झालं असंही होईल. मग पुढच्या वेळी तो सूचना करताना जास्त विचार करेल. अभिप्राय देणाऱ्याची तपासणी होण्याचा एवढा एकच मार्ग मला माहीत आहे.

काही ठिकाणी फोटोवर बोलू नये, किंवा वेगळं बोलावं

कोणी आपल्या आईचा शेवटचा फोटो दाखवत असेल तर तो अभिप्रायासाठी नसतो. घरच्या गणपतीचा, बाळाच्या बारशाचा फोटोही बहुतेकदा नसतो. खात्री नसेल तर ‘नुसता बघू की काही सांगू?’ असं विचारून घ्या.

अंबाझरी-गोरेवाड्याकडे पक्षी टिपणाऱ्यांना ‘अजून जवळ जायला हवं होतं’ ही सूचना करू नका. जवळ गेलं की पक्षी उडतो, घरट्यावरचा असेल तर अंडी उघडी पडतात. ‘क्रॉप करून बघ’ किंवा ‘झाड, पाणी दिसू दे, पक्षी लहान राहिला तरी चालेल’ असं सांगा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर दूरदूरहून, कित्येकदा रात्रभर प्रवास करून आलेली माणसं असतात. तिथे झोपलेल्या म्हातारीचा जवळून घेतलेला फोटो कितीही देखणा असला, तरी मी आधी ‘त्यांना विचारलं होतंस का?’ हेच विचारते. उत्तर ‘नाही’ असेल तर उजेड-मांडणीची चर्चा मी करत नाही.

आणि गटात एखादा असतोच, जो दर वेळी माणसालाच लागेल असं बोलतो आणि विचारल्यावर ‘मी खरं बोलतो’ म्हणतो. त्याला एकदा सगळ्यांपासून दूर नेऊन सांगा की फोटोत बोट कुठे ठेवायचं ते दाखव, नुसता शेरा नको. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, तर नव्यांचे फोटो काही काळ त्याच्यापुढे न ठेवलेलेच बरे. ते दुसऱ्या टेबलावर, दोघा-तिघांत पाहा.